स्टेशन आहे, गाडी नाही : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गावाकडच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांबद्दल प्रश्न मागवले, तर निम्म्याहून जास्त पत्रे धाराशिव, लातूर आणि परभणीकडून आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे रेल्वेमार्गाचे काम आणि महसुली दफ्तर या दोन्ही बाजू माहीत असलेल्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या शिवारात काळ्या दगडाची बैठी इमारत आहे. समोर लांबट चौथरा, मागे कोरडी विहीर. सगळे ‘निजामाचे स्टेशन’ म्हणतात. रूळ केव्हाच गेले. ते खरोखर निजामाचेच का, हे कसे ठरवायचे? (शिक्षक, धाराशिव तालुका)

‘निजामाचे’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. दगडी भिंत दिसली की ती निजामाची! रेल्वेपुरते बोलायचे तर मराठवाड्यात वेगवेगळ्या धन्यांचे आणि वेगवेगळ्या रुंदीचे तीन मुख्य मार्ग होते. तुमचे स्टेशन त्यांपैकी कोणत्या मार्गावरचे, हे आधी ठरवा. बाकीचे प्रश्न मग निम्मे होतात.

पहिला मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे जाणारा. हा १९०० च्या सुमारास मीटरगेज म्हणून सुरू झाला. परभणी ते परळी हा फाटाही मीटरगेजच होता. दुसरा विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोड करत परळीला येणारा. तो नंतरचा, आणि पहिल्यापासून ब्रॉडगेज. हे दोन्ही निजामाच्या राज्यातल्या रेल्वेचे. त्यातही एक मेख आहे : १९३० पर्यंत ही रेल्वे निजाम सरकारकडून परताव्याची हमी घेतलेली कंपनी चालवत होती, त्या वर्षी निजाम सरकारने ती आपल्याकडे घेतली. तिसरा मार्ग म्हणजे आपली बार्शी लाईट. १८९५ मध्ये लंडनला स्थापन झालेली ही खाजगी कंपनी, तिचा कर्ता अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ ला बार्शी रोड (म्हणजे आजची कुर्डुवाडी) ते बार्शी अशी गाडी सुरू झाली, १९०६ ला फाटा पंढरपूरला गेला, १९११ ला रूळ लातूरला पोचले आणि १९२७ ला मिरजेला. धाराशिव-लातूरच्या पट्ट्यातले जुने स्टेशन निजामाच्या हद्दीत असेल, पण बहुधा निजामाच्या रेल्वेचे नसेल. हद्द एकाची आणि रेल्वे दुसऱ्याची, हे लक्षात न घेतल्याने बरेच लेख चुकले आहेत.

आता मोजमाप. रूळ शाबूत असतील तर दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या बाजूंमधले अंतर घ्या. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, बार्शी लाईट ७६२ म्हणजे अडीच फूट, हेच नॅरोगेज. रूळ नसतील तर गावात स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकूड, शोधा. गोठ्याचे खांब, विहिरीवरचे आडवे लाकूड, आखाड्याची चौकट, कुठेतरी सापडतोच. पूर्ण लांबीचा लाकडी स्लीपर ब्रॉडगेजचा पावणेतीन मीटर, मीटरगेजचा १.८ मीटर आणि नॅरोगेजचा दीड मीटर असतो. तोडलेला असला तरी हरकत नाही. रूळ बसायचा तिथे लाकूड दबून गुळगुळीत झालेले असते आणि दोन्ही कडांना डॉगस्पाइकची (रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्याची) चौकोनी भोके असतात. एका बैठकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत टेप लावा. सुमारे ८० सेंटिमीटर आले तर नॅरोगेज, १०५ च्या आसपास आले तर मीटरगेज, पावणेदोन मीटरच्या जवळ आले तर ब्रॉडगेज. रुळाच्या डोक्याची जाडी धरल्यामुळे हे आकडे गेजपेक्षा थोडे मोठे येतात, त्याने गोंधळू नका. भोकापासून भोकापर्यंत मोजू नका. रुळाचा पाया डोक्यापेक्षा रुंद असल्याने आतली भोके गेजहून जवळ असतात आणि हिशेब फसतो.

स्लीपरही नसेल तर भरावाकडे जा. नॅरोगेजच्या भरावाचा माथा साधारण ३.७ मीटर, जुन्या मीटरगेजचा पाचच्या जरा आत, ब्रॉडगेजचा सहाच्या पुढे. पण भराव पावसाने झिजतो आणि शेजारचा शेतकरी त्यातला मुरूम नेतो, म्हणून माथा उघड्यावर मोजू नये. मोरीवर, दोन कठड्यांच्या मध्ये मोजावा. तिथे दगडी बांधकाम असल्याने रुंदी बदललेली नसते. त्याच मोरीच्या कठड्यावर पुलाचा क्रमांक आणि कधी कधी सालही कोरलेले सापडते. शेवाळ खरडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वळणही बोलते. नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येपर्यंतचे वळण चालते, मीटरगेजला १०९ आणि ब्रॉडगेजला १७५ लागते. उपग्रहाच्या नकाशावर शेतांच्या बांधातून एखादी वाकडी पट्टी ओढ्याकाठाने घट्ट वळत गेलेली दिसली, तर ती छोट्या गाडीचीच वाट.

आणि अक्षरे बघा. हद्दीचे दगड, ओतीव लोखंडाचे खांब, दिव्याचे कंस यांवर रोमन आद्याक्षरे असतात. बी. एल. आर. म्हणजे बार्शी लाईट. एन. जी. एस. आर. म्हणजे १९३० पूर्वीची निजामी हमीची रेल्वे, एन. एस. आर. म्हणजे नंतरची. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसले तर सामान दुसरीकडून आणलेले असू शकते.

प्रश्न : आमच्या गोठ्याच्या तुळईला रूळ वापरला आहे. त्यावर उठावाची अक्षरे आणि १९०९ असा आकडा दिसतो. म्हणजे स्टेशन १९०९ चे ना? (शेतकरी, लातूर तालुका)

नाही. १९०९ हे त्या रुळाचे साल, स्टेशनचे नव्हे. डोके आणि पाया यांच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्यात रूळ लाटतानाच अक्षरे उठवतात : कारखाना, रुळाचे वजन, पोलादाची जात, साल, आणि महिना रोमन अंकांत किंवा नुसत्या उभ्या रेघांत. हा रूळ कुठे बसवला, याची त्यात नोंद नसते. मोठ्या मार्गावरचे झिजलेले रूळ काढून सायडिंगला (बाजूच्या जादा मार्गाला) टाकायचे आणि तिथूनही निघाले की कुंपणाचे खांब, छपराच्या तुळया करायच्या, ही रेल्वेची नेहमीची रीत. त्यामुळे साल एकाच बाजूने उपयोगी पडते : ज्या भिंतीत १९०९ चा रूळ मूळच्या बांधकामातच आहे, ती भिंत त्याआधीची असू शकत नाही. तुळई मागाहून बदललेली असेल तर तेही म्हणता येत नाही. तुळईच्या टोकाभोवतीचा चुना बाकी भिंतीसारखाच आहे का, ते पाहा.

अक्षरे नीट वाचायची असतील तर मऊ तारेच्या ब्रशने सैल गंज काढा, रॉकेलचा बोळा फिरवा, वाळल्यावर खडूची पूड चोळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना फोटो घ्या. भर दुपारी काही दिसत नाही. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तर छाप उत्तम येतो.

वजन जास्त विश्वासाचे. एखादा सुटा तुकडा असेल तर लांबी मोजून काट्यावर ठेवा. जुने रूळ यार्डाला (म्हणजे तीन फुटांना) इतके पौंड असे मोजत. पौंडाच्या आकड्याला ०.४९६ ने गुणले की मीटरला किलो येतात. ३० पौंडी रूळ मीटरला १४.९ किलो भरतो, म्हणजे ३० सेंटिमीटरचा तुकडा जवळपास साडेचार किलो. ५० पौंडी २४.८, ६० पौंडी २९.८, ९० पौंडी ४४.६. कॅलथ्रॉपने बार्शी लाईट आखली तीच मुळी ३० पौंडी रूळ आणि एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, या हिशेबाने. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला तर हलक्या रुळावरूनही दमदार गाडी नेता येते, हे त्याला दाखवायचे होते. वाहतूक वाढत गेली तसे पुढे जड रूळ येत गेले. म्हणून हलका तुकडा सापडला तर तो जुन्यातला जुना, असे धरायला हरकत नाही. घासून डोके पातळ झालेले असेल तर वजनात पाच-दहा टक्के तूट धरा.

एक सूचना. घरात पिढीजात असलेल्या तुकड्याची गोष्ट वेगळी, पण शिवारात पडलेले रेल्वेचे लोखंड ‘संग्रहासाठी’ म्हणूनही उचलू नका. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्धचा १९६६ चा कायदा कडक आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटो आणि मोजमाप पुरते.

प्रश्न : स्टेशन गावापासून तीन किलोमीटर का? ‘गावाने विरोध केला म्हणून लांब नेले’ असे सांगतात. (मुरूड परिसर)

ही गोष्ट जवळपास प्रत्येक गावात सांगतात. एखाद्या गावी खरीही असेल, पण कागद सापडेपर्यंत ती गोष्टच समजा. नेहमीचे कारण उताराचे असते. स्टेशनच्या यार्डात डबे सोडून ठेवावे लागतात, जमीन कलती असली की ते आपोआप चालू लागतात. मोठ्या मार्गांसाठी यार्डाचा उतार ४०० ला १ पेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे, १२०० ला १ असेल तर उत्तम. एवढी सपाट पट्टी गावाच्या कुशीत मिळत नाही. दुसरे कारण माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि तिच्यावरची भिंत तडकते. म्हणून मुरमाड माळ निवडायचा. तिसरे पाणी. वाफेच्या इंजिनाला वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावे लागे. बारमाही विहीर जिथे लागली तिथे टाकी, आणि टाकी तिथे स्टेशन. तुमच्याकडे कोरडी विहीर आणि तिच्याजवळ उंच दगडी चौथरा असेल तर तो टाकीचा. विहिरीचे पाणी जड असले तर बॉयलरमध्ये खडी साचे आणि नळ्या गळत, म्हणून काही विहिरी नुसत्याच सोडून दिलेल्या असतात.

नावातला ‘रोड’ हेच सांगतो : इथे उतरा आणि पुढे सडकेने जा. बार्शी रोड, कळंब रोड, लातूर रोड. नावातले गाव स्टेशनपासून लांबच असायचे.

प्रश्न : चांगले चालणारे स्टेशन बंद कशामुळे पडले? उतारू तर भरपूर होते. (दोन-तीन पत्रे)

उतारू नसल्यामुळे बंद पडलेली स्टेशने मराठवाड्यात थोडी. बहुतेक गेली गेज बदलताना. मनमाडकडून मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकण्याचे काम १९९२ पासून टप्प्याटप्प्याने झाले. पूर्णा-अकोला २००८ मध्ये झाले. लातूर-धाराशिव ब्रॉडगेज २००७ मध्ये सुरू झाले आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये. छोट्या गाडीची घट्ट वळणे ब्रॉडगेजला चालत नाहीत. त्यामुळे नवा मार्ग जुन्याच्या अंगावरून न जाता जागोजाग बाजूने सरळ काढला गेला. शिवाय जुनी बार्शी लाईट जिल्ह्याच्या गावाला, तेव्हाच्या उस्मानाबादला, शिवतच नव्हती. नवी आखणी मुद्दाम तिथून नेली. एका शहराला रेल्वे मिळाली आणि सरळ केलेल्या तुकड्यांवरची काही ठिकाणे उघडी पडली. दोष कुणाचा म्हणून विचाराल तर भूमितीचा.

ज्यांना ‘उगाच मोडली छोटी गाडी’ असे वाटते त्यांच्यासाठी : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० टाक्या, प्रत्येकी ५० हजार लिटर. नंतर ५० टाक्यांची म्हणजे २५ लाख लिटरची खेप. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा बहुतेक बार्शी लाईटचाच जुना पट्टा. तो अडीच फुटी राहिला असता तर ती गाडी लातूरपर्यंत येऊच शकली नसती.

प्रश्न : कागदपत्रे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची? रेल्वेला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. (ग्रंथपाल, परभणी जिल्हा)

‘स्टेशनचा इतिहास द्यावा’ असे पत्र लिहिले तर उत्तर येत नाहीच. कार्यालयात इतिहास नसतो, फायली असतात. सुरुवात मात्र रेल्वेपासून करूच नका, गावापासून करा.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची नक्कल घ्या. लोहमार्गाची पट्टी त्यावर स्पष्ट असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे सर्व्हे नंबर कळतात. मग त्या नंबरांचे आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता), टिपण (मोजणीची आकृती), आणि जमीन कमी झाली असेल तर त्या बदलाचे कमी-जास्त पत्रक मागा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत संपादनाची नोंद असू शकते. मराठवाड्यात त्याच्याही मागे जायचे तर सेतवार (निजामकाळातली जमिनीची मूळ नोंदवही) आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी (नंबरवार जमीन आणि कब्जेदारांची नोंद). लोक सातबाऱ्यावरच थांबतात, तिथे जुने काही नसते.

जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतात आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतले. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल येते, पण निजामाचे सरकारी वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचे, म्हणून एक फसली साल दोन इसवी सालांत पडते. १३२० फसली म्हणजे ऑक्टोबर १९१० ते सप्टेंबर १९११. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन (हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई) झाली तेव्हा १३५७ फसली चालू होते. भूसंपादनाचा हैदराबाद राज्याचा कायदाही वेगळा होता, १३०९ फसलीचा. जुन्या निवाड्यात त्याचा उल्लेख दिसला तर ‘१३०९’ हे गावच्या संपादनाचे साल समजू नका, ते कायद्याचे आहे. ही चूक हमखास होते.

यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंच-एक मैल आणि नंतरचे १:५०,००० नकाशे. दोन वेगळ्या सालांची पाने शेजारी ठेवा. स्टेशन एका पानावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून काळ आखता येतो. पानाच्या तळाशी छापल्याचे आणि प्रत्यक्ष पाहणीचे अशी दोन साले असतात. पाहणीचे धरा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार तक्ते असतात. दळणवळणाच्या रकान्यात रेल्वेचा उल्लेख आहे का, तो दशकादशकाला कसा बदलला, ते उतरवून घ्या. निजाम राज्याच्या रेल्वेची दफ्तरे पाहायची तर हैदराबादला तारनाक्याचे राज्य पुराभिलेखागार. छत्रपती संभाजीनगरलाही आपल्या राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय आहे. आधी तिथे जा, भाडे वाचेल.

रेल्वेकडे शेवटी जा, आणि तेही माहितीच्या अधिकारात. अर्ज मराठीत चालतो, शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते, नकलेला पानाला २ रुपये. धाराशिव-लातूर पट्टा सोलापूर विभागात येतो, परभणी-नांदेडकडचा नांदेड विभागात. विभागीय व्यवस्थापकाच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला कागदाचे नाव घेऊन मागा : अमुक स्टेशनचा लँड प्लॅन, यार्डाचा नकाशा, स्टेशन बंद केल्याचा आदेश, गेज बदलण्याआधीचे शेवटचे वर्किंग टाइम टेबल (रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीचे वेळापत्रक). प्रत्येक कागद वेगळ्या ओळीत. ‘का’ आणि ‘कसे’ विचारू नका, अस्तित्वात असलेल्या कागदाचीच नक्कल मिळते. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

कागदाच्या माथ्यावर कोणत्या रेल्वेचे नाव आहे, यावरूनही काळ कळतो. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली आणि निजामाची रेल्वे तिच्यात गेली. बार्शी लाईट सरकारने १ जानेवारी १९५४ ला घेतली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली, तेव्हा सोलापूर विभाग तिकडे गेला आणि १९७७ ला मध्य रेल्वेत परत आला. लातूरकडच्या पावतीवर ‘दक्षिण मध्य’ दिसले तर ती बनावट नाही. त्या अकरा वर्षांतली आहे.

प्रश्न : आजोबांच्या डबीत पुठ्ठ्याचे तिकीट सापडले. तिसरा वर्ग आणि भाड्यापुढे ‘न. पै.’ आहे. तारीख पुसट. (परभणी)

‘न. पै.’ म्हणजे नये पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि ‘नये’ हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये गेला. तेव्हा छपाई त्या सात वर्षांतली. विक्री एखाद-दोन वर्षे पुढची असू शकते, कारण जुना साठा संपवून टाकत. तिसरा वर्ग १९७४ ला रद्द झाला, ती पलीकडची हद्द. तारीख शाईने नव्हे, यंत्राच्या दाबाने उठवलेली असते. तिकीट प्रकाशाच्या आड तिरपे धरून पाहा. तेल लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका.

प्रश्न : गावातल्या वृद्धांना काय विचारावे? प्रत्येक जण वेगळे साल सांगतो. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कळंब)

साल विचारूच नका. खुणेच्या घटनेच्या आधी की नंतर, ते विचारा : पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप. ‘दुष्काळात सुकडी गाडीने यायची का?’ याचे उत्तर ‘स्टेशन कधी बांधले?’ याच्या उत्तरापेक्षा दहापट भरवशाचे असते.

स्टेशन मास्तरांपेक्षा खलाशी, कीमन (रोज रूळ तपासणारा), गँगचा मुकादम, फाटकवाला यांच्या घरी जा. मास्तरांची बदली व्हायची, गँगमन गावचाच असायचा. त्यांना हातातल्या वस्तूंबद्दल विचारा. गाडीला पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण म्हणून टोकनचा गोळा होता की कागदी लाइन क्लिअर? गोळा असेल तर तो कातडी पिशवीत घालून वेताच्या किंवा तारेच्या मोठ्या कड्याला अडकवायचे आणि चालत्या इंजिनच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात टाकल्याशिवाय दुसरा गोळा निघत नसे, म्हणून एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येत नसत. हे सांगणारा माणूस आपोआप सांगतो की यंत्र कोणत्या खोलीत होते, दुसरी लाइन कुठे होती, क्रॉसिंगला कोणती गाडी थांबायची. सिग्नल कुणी पाडायचा, दिव्यात रॉकेल कोण घालायचे, मालधक्क्यावरून काय चढायचे, कापूस की सरकी की गूळ, ढकलगाडी कुठे ठेवत. बोलता बोलता जमिनीवर काठीने नकाशा काढून घ्या आणि त्याचा फोटो काढा.

मोठी माणसे आमच्या स्टेशनवर उतरली होती, हेही प्रत्येक गाव सांगते. तिथे घटना पक्की करून मग स्टेशनकडे या. उदाहरण म्हणून, फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, हे पक्के आहे. ते कोणत्या गाडीने आले, कुठे उतरले, हे त्या वेळचे वेळापत्रक आणि वर्तमानपत्र पाहूनच लिहावे. भाविकपणे लिहिलेली एक चुकीची वेळ बाकीच्या खऱ्या मजकुरालाही खाली ओढते.

प्रश्न : ग्रामपंचायत इमारतीला सिमेंट प्लास्टर आणि ऑइल पेंट करून वाचनालय करणार म्हणते. करावे का? (औसा तालुका)

प्लास्टर आधी थांबवा. काळा दगड पाणी पीत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती सांध्यांतल्या चुन्यातून, तेवढीच वाट असते. त्यावर सिमेंट आणि ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते, चुन्याची वाळू होते, दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पापुद्रे येतात आणि तोवर सांधे पोकळ झालेले असतात. सांधा चुन्याचा की सिमेंटचा, हे खिळ्याने ओरखडून कळते : चुना पांढरट भुगा देतो, सिमेंट करडे आणि टणक लागते.

दुरुस्ती अशी : सैल सांधे दोन ते अडीच सेंटिमीटर खोल कोरून काढायचे, ब्रशने धूळ झाडायची, पाणी मारायचे. विरवलेला चुना एक भाग, चाळलेली धुतलेली वाळू तीन भाग. पावसाच्या बाजूला वाळू दोन भाग आणि विटेची सुरखी एक भाग. हे मिश्रण सांध्यांत घट्ट दाबून भरायचे आणि वर ओले गोणपाट टाकून आठ-दहा दिवस ओलसर ठेवायचे. एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका, चुना मुरण्याआधीच वाळतो आणि बोटाने निघतो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ चांगला. भिंतीतले पिंपळाचे रोप ओढून काढले तर दगडच बाहेर येतो. ते मुळाशी कापा, बुंध्याला भोक पाडून तणनाशक घाला, वाळल्यावर काढा आणि फट भरा. छपराची कौले उतरवताना पालथी करून पाहा, खालच्या अंगाला कारखान्याचे नाव उठवलेले असते. त्याचा फोटो आणि कौल छपराच्या कोणत्या बाजूचे, हे लिहून ठेवा. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात, फुटकी तेवढीच बदला. भूकंपाच्या पट्ट्यातली इमारत असल्याने कोपऱ्यांतल्या उभ्या भेगा अभियंत्याला दाखवल्याशिवाय आत मुले बसवू नका.

पण यातले काहीही करण्याआधी मालकी. रूळ निघाले म्हणून जमीन गावाची होत नाही आणि मूळ शेतकऱ्यालाही आपोआप परत मिळत नाही. लेखी हस्तांतर झालेले नसेल तर ती रेल्वेचीच. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रामपंचायतीने ठराव, गावनकाशाची नक्कल आणि इमारतीचे चारही बाजूंचे फोटो जोडून विभागीय व्यवस्थापकाकडे भाडेपट्ट्याची किंवा वापराची लेखी मागणी करावी. उत्तर येईपर्यंत चुन्याची एक पाटीही भिंतीला लावू नये.